प्रेषितकार्यातील पत्नी आणि 'स्मृतिचित्रे'

निवृत्तीनंतर पतिपत्नींनी मिळून परदेशी धर्मसेवेस जावे, हा विचार नांदेड-लातूरकडील आमच्या कुटुंबांतही आता बोलला जातो. (१९४८ पर्यंत आमचा मुलूखच निजामाचा, नगरकडच्या माणसाला ही 'मोगलाई' परराज्यच होती!) अशा जोडप्यांविषयीचे लेखन आम्ही आवडीने वाचतो. पण त्यात बहुधा पतीच बोलतो. पत्नीला जावेसे वाटत होते का, हे कोणी विचारलेले दिसत नाही.

म्हणून आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे पुन्हा वळलो. टिळक दांपत्य कॅथलिक नव्हते, धर्मसेवेसाठी परदेशीही गेले नाही. पण जातगोत सोडणे हे समुद्र ओलांडण्याहून सोपे नव्हते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली एकट्याने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांतला विरह, सोवळेओवळे, संताप त्यांनी झाकलेला नाही. नवऱ्याचा लहरी दानधर्म आणि घरातली चणचण त्या हसत सांगतात. हे हसू आम्हांला ग्रंथाचे मोठे बळ वाटते. पतीच्या मागून आलेली ही बाई स्वतःच्या पायांनी आली, याची ती खूण आहे. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले.

संत पौलानेही रोमकरांस लिहिताना अक्विलाच्या आधी प्रिस्काचे नाव घेतले आहे. आमच्याकडील एखाद्या पत्नीने लिहिलेली अशी वही मात्र अजून आमच्या वाचनात आलेली नाही. ती यावी. तीत नवऱ्याविषयी तक्रार असली तरी चालेल.