दगडाच्या मागच्या बाजूला
(जपानमधील अभ्याससहलींची एक चिकित्सा)

जपानच्या प्रवासाचे आपल्याकडे आता दोन प्रकार रूढ झाले आहेत. पहिला प्रकार झेंडीचा. पुढे झेंडी धरलेला गाईड, मागे चाळीस माणसे, सोबत स्वयंपाकासाठी नेलेला महाराज, आणि सात-आठ दिवसांत टोकियो, फुजी, क्योतो, नारा, ओसाका. दुसरा प्रकार त्या मानाने नवा आहे. त्यात सहा-आठ जणांचा लहान गट असतो; कलेतिहासाचा किंवा स्थापत्याचा अभ्यासक त्यांच्याबरोबर अर्धा दिवस चालतो आणि एखाद्या मंदिरापुढे किंवा गल्लीत तासभर थांबून बोलतो. परकीयांना मोबदला घेऊन अशी माहिती सांगण्यासाठी जपानमध्ये १९४९ च्या कायद्याने परवाना आवश्यक होता. २०१८ मध्ये ती सक्ती उठली आणि अभ्यासकांनाही ही वाट मोकळी झाली. २०२४ या एका वर्षात जपानला ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी पाहुणे गेले. त्यांत झेंडीमागून जाण्यास कंटाळलेले लोकही पुष्कळ असणार.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार आहे. पहिल्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नसते. दुसरा मात्र ज्ञानाचा दावा करतो, म्हणून त्याची चिकित्सा करणे हा वाचकाचा अधिकार ठरतो.

प्रथम या सहलींचे जे श्रेय आहे ते मान्य केले पाहिजे. इ.स. ७९४ मध्ये वसलेल्या क्योतोची रस्त्यांची चौकट चीनच्या चांगआन राजधानीवरून कशी घेतली, तेथील लाकडी घरे दर्शनी बाजूस अरुंद आणि आत लांबच लांब का, हिगाशी होंगानजीचे भव्य सभागृह १८९५ मध्ये पुरे होण्यापूर्वी उपासक स्त्रियांनी आपले केस देऊन दोरखंड कसे वळवले, हे सारे जाणकाराच्या तोंडून ऐकताना दगड-लाकडांत प्राण येतो. सानजुसानगेन्दोमधील अवलोकितेश्वराच्या एक हजार एक मूर्तींपुढे प्रस्तुत लेखक पाऊण तास उभा होता व तो वेळ कमी पडला. झेंडीच्या सहलीत तेथे वीस मिनिटे मिळतात.

परंतु गट भारतीयांचा असला की अभ्यासकाच्या बोलण्याला एक निराळेच वळण लागते. बेन्झाइतेन ही तुमची सरस्वती, बिशामोनतेन हा तुमचा कुबेर, हे तो आवर्जून दाखवतो आणि गटातील बहुतेकांचे चेहरे उजळतात. नारा येथील तोदाइजीच्या महाबुद्धमूर्तीपुढे बोधिसेनाची कथा येते. हा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये त्याच्या हस्ते मूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला, हे खरे आहे. जपानी लोक त्याला 'बारामोन सोजो', म्हणजे ब्राह्मण धर्माध्यक्ष, या नावाने ओळखत, हेही खरे आहे आणि तेही अभिमानाने सांगितले जाते. भिक्षुसंघात शिरल्यावर जात उरत नाही, नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत, असे सांगणाऱ्या तथागताचा हा शिष्य. त्याची जात मात्र समुद्र ओलांडून गेली आणि त्याच्या नावाला चिकटून राहिली! याकडे कोणी अभ्यासक लक्ष वेधत असल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

त्याच नारा शहरात रेल्वेस्थानकासमोर ग्योकी भिक्षूचा पुतळा आहे. सहलीचे गट एकत्र जमण्यासाठी हीच खूण देतात, कारण ती सर्वांना सापडते. हा ग्योकी (६६८-७४९) खेड्यापाड्यांत हिंडून सामान्य लोकांना धम्म सांगे आणि त्यांच्याकडून पूल, तळी, पाण्याचे पाट बांधून घेई. ७१७ मध्ये दरबाराने त्याचे नाव घेऊन त्याच्या कार्यास बंदी केली. पुढे महाबुद्धमूर्तीसाठी लोकांचे श्रम आणि धन हवे झाले, तेव्हा त्याच दरबाराने त्याला बोलावून घेतले आणि ७४५ मध्ये सर्वोच्च भिक्षुपद दिले. मूर्तीमागची खरी कथा ही आहे. आमच्या अभ्यासकाने पुतळ्यापाशी डोकी मोजली, आणि आम्ही पुढे निघालो.

आता क्योतोतील र्‍योआनजीकडे येऊ. पांढऱ्या वाळूवर पंधरा दगड, एवढीच ती बाग. ओसरीवर कोठेही बसले तरी एक ना एक दगड दृष्टीआड राहतो, असे सांगितले जाते आणि त्यावरून शून्यता, अनित्यता, अपूर्णतेचे सौंदर्य यांवर निरूपण होते. आमच्या अभ्यासकाचे निरूपण उत्तम होते. ते संपल्यावर एकाने विचारले, "ही बाग केली कोणी?" उत्तर मिळाले की निश्चित माहीत नाही. तेही खरेच आहे. परंतु एका दगडाच्या मागच्या बाजूस, जी ओसरीवरून दिसतच नाही, दोन माणसांची नावे कोरलेली आहेत. एक नाव कोतारो असे वाचता येते. दुसऱ्याच्या पहिल्या अक्षराबद्दल मतभेद आहेत. पुन्हा विचारल्यावर अभ्यासकाने हे सर्व सांगितले, आणि ही माणसे 'कावारामोनो' असावीत हेही सांगितले. म्हणजे त्याला सर्व ठाऊक होते. ते सहलीत बसत नव्हते, इतकेच.

कावारामोनो म्हणजे नदीकाठच्या वाळवंटात राहणारे लोक. मेलेली ढोरे ओढणे, कातडी सोलणे आणि कमावणे ही त्यांची कामे. माती आणि दगड हलवणे हेही अपवित्र काम म्हणून त्यांच्याच वाट्याला आले, आणि त्यातून जपानचे श्रेष्ठ उद्यानकार निर्माण झाले. झेनआमी हा त्यांतला सर्वांत नामवंत. तो आजारी पडला तेव्हा शोगुन आशिकागा योशिमासा याने त्याला औषध पाठवल्याची नोंद आहे. त्याचा नातू माताशिरो. १४८९ मध्ये त्याचे एका झेन भिक्षूशी संभाषण झाले आणि ते त्या भिक्षूच्या रोजनिशीत टिपलेले आहे. ढोरे मारणाऱ्यांच्या घरी जन्माला आलो याचे आपल्याला दुःख आहे, म्हणून कोणत्याही प्राण्याचा जीव न घेण्याची व कशाचाही लोभ न धरण्याची आपण प्रतिज्ञा केली आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. भिक्षूने त्याची प्रशंसा केली आहे.

ही नोंद वाचून आपल्यासारख्या वाचकाच्या मनात काय येईल हे सांगण्याची गरज नाही; परंतु ती नुसती हळहळून सोडून देण्यासारखी नाही. माताशिरो शील पाळतो, तेही शुद्ध मनाने. मग त्याला दुःख कशाचे? आपल्या जन्माचे. ज्या समाजाने ढोरे ओढण्याचे काम त्याच्या घराण्यावर लादले, त्याच समाजाच्या मंदिरांनी त्या कामाला पाप ठरवले आणि पापाची लाज त्याच्या पदरात घातली. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनीही मृत जनावरांचे मांस सोडून द्या असेच सांगितले. वरकरणी दोन्हींत साम्य दिसते, पण बाबासाहेबांच्या सांगण्यात जन्माची लाज कोठेही नव्हती. ज्यांनी ते काम लादले त्यांची लाज आपण वाहायची नाही, स्वाभिमानासाठी ते टाकायचे, असा तो विचार होता. माताशिरोचे शील एकाकी होते. महाडला हजारो माणसे बरोबर होती आणि पुढे तळे होते. प्रशंसा करणाऱ्या त्या भिक्षूला हा भेद दिसला नाही. तो चांगला माणूस असावा, तरीही दिसला नाही.

यावर अभ्यासकाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याने आम्हाला सांगितले की या विषयावर मौन पाळणे हे नेहमीच लपवणे नसते. १९७५ मध्ये असे उघडकीस आले की जपानभरच्या बुराकु वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून विकल्या जात होत्या आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्या विकत घेतल्या होत्या; उमेदवाराचे मूळ गाव पाहून त्याला नोकरी नाकारता यावी म्हणून. अशाच याद्या पुन्हा प्रसिद्ध झाल्या तेव्हा टोकियो जिल्हा न्यायालयाने २०२१ मध्ये आणि उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यांना मनाई केली. ज्या समाजात वस्तीचे नाव उच्चारणे हाच घाव ठरतो, तेथे परक्यांचा जथा घेऊन त्या वस्तीत फिरणे अशोभनीय होय. हा युक्तिवाद आम्हाला पटला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्या सहली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनाही तो पटेल.

पण तो जिवंत माणसांच्या घरांपुरताच खरा आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या बागेच्या कर्त्याला तो लागू होत नाही, आणि संस्थांना तर मुळीच नाही. सोतो झेन संप्रदायाच्या तत्कालीन प्रमुख प्रशासकाने १९७९ मध्ये प्रिन्स्टन येथील जागतिक धर्मपरिषदेत जपानमध्ये असा भेदभावच नाही असे सांगितले. त्यावर बुराकु मुक्तिसंघटनेने जाब विचारला. संप्रदायाने आपल्या मंदिरांची दफ्तरे व थडगी तपासायला घेतली, तेव्हा मृतांना द्यावयाच्या धर्मनामांत 'पशू' यासारखी अक्षरे घातलेली आढळली. मेल्यावरही! १९८४ मध्ये नैरोबी येथील परिषदेत त्याच प्रशासकाने माफी मागितली. माफी मागणारी संस्था माफी न मागणाऱ्या संस्थेपेक्षा निश्चितच बरी. पण झेनवर दोन तास बोलणाऱ्या अभ्यासकाने याला दोन मिनिटे द्यायला काय हरकत आहे?

आणि जेथे त्या लोकांनी स्वतःच दार उघडले आहे, तेथे तरी संकोचाचे कारण उरत नाही. क्योतोच्या ओकाझाकी भागात हेइआन मंदिराची प्रचंड तांबडी कमान सर्व गट पाहतात. जवळच एक स्मारकशिला आहे, तिच्यापाशी कोणी थांबत नाही. तेथील सार्वजनिक सभागृहात ३ मार्च १९२२ रोजी सुईहेइशा, म्हणजे सर्वांना एका पातळीवर आणणारा संघ, स्थापन झाला. महाडच्या आधी पाच वर्षे. सोळा वर्षांच्या एका मुलाने त्या सभेत शाळेतील छळाविषयी भाषण केले. केसांच्या दोरखंडांचे ज्या होंगानजीत कौतुक होते, त्या होंगानजीच्या दोन्ही शाखांना या संघाने कळवले की येथून पुढे वीस वर्षे आमच्याकडे देणगी मागू नये. बुराकु समाजातील बहुसंख्य लोक त्याच जोदो शिन्शू पंथाचे उपासक होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निरोपाचे वजन कळते. दोरखंडापुढे उभे असतानाच ही हकिकत सांगितली गेली पाहिजे. पंथाचे तोंड दोन्हींतून मिळूनच दिसते.

होंगानजीपासून फार दूर नाही, क्योतो स्थानकाच्या पूर्वेला, यानागिहारा बँकेची लाकडी इमारत आहे. इतर बँका कर्ज देत नव्हत्या म्हणून बुराकु समाजातील लोकांनी १८९९ मध्ये ही स्वतःची बँक काढली. १९९७ पासून तेथे स्मृतिसंग्रहालय आहे. टोकियोबद्दल थोडक्यात एवढेच, की आसाकुसाची सहल सेन्सोजीच्या दुकानांच्या रांगेत संपते. उत्तरेकडील कोझुकाप्पाराच्या वधस्थळापर्यंत ती जात नाही. तेथे १७७१ मध्ये सुगिता गेनपाकू याने शवविच्छेदन पाहिले आणि त्यातून जपानचे आधुनिक शरीरशास्त्र सुरू झाले. सुरी मात्र अस्पृश्य मानलेल्या समाजातील एका नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हाती होती, आणि एकेक अवयव काढून तोच दाखवत होता. सुगिताने आपल्या आठवणींत हे प्रांजळपणे लिहिले आहे. म्हाताऱ्याचे नाव लिहिलेले नाही.

ओसाकाचे मानवाधिकार संग्रहालय २०२० मध्ये बंद झाले. नारा प्रांतातील गोसे येथील सुईहेइशा संग्रहालय मात्र १९९८ पासून चालू आहे. सुईहेइशाचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची तेथल्याच साइकोजी या बौद्ध विहारात जन्मला. कोरियातील खाटिक समाजाच्या ह्योंगप्योंगसा या १९२३ च्या चळवळीशी सुईहेइशाचा जो संबंध आला, त्याच्या कागदपत्रांना युनेस्कोने २०१६ मध्ये आशिया-प्रशांत विभागाच्या स्मृतिसूचीत स्थान दिले. तीही येथेच आहेत.

आपल्याकडून धम्मयात्रा नेणाऱ्या मंडळींनी कार्यक्रम आखताना हे ध्यानात घ्यावे. नाराहून गोसे अर्ध्या दिवसाचे काम आहे. जवळचे स्थानक वाकिगामी. गाड्या कमी असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवावी लागते, आणि स्थानकापासून वीसएक मिनिटे चालावे लागते.