अतिशयोक्ती आणि समूहनायक : 'द वंडरफुल १०१' या व्हिडिओ गेमचा आस्वादक अभ्यास

अतिशयोक्ती हा अलंकार आहे, दोष नव्हे, ही गोष्ट मराठी समीक्षेला नवी नाही. भामहाने तर सर्व अलंकारांच्या मुळाशी तिलाच पाहिले. असे असूनही व्हिडिओ गेम या माध्यमाविषयी बोलताना 'भडक', 'अतिरंजित' ही विशेषणे वर्णन म्हणून न येता निकाल म्हणून येतात. त्यातही खेळ महावीरांचा आणि मारामारीचा असेल, तर त्याच्या वाट्याला निकालसुद्धा येत नाही. केवळ दुर्लक्ष येते. 'प्लॅटिनमगेम्स' या जपानी संस्थेने तयार केलेला आणि निन्टेन्डोने 'वी यू' या संचासाठी २०१३ मध्ये प्रकाशित केलेला 'द वंडरफुल १०१' हा खेळ अशा दुर्लक्षाचे ठळक उदाहरण होय. या खेळातील अतिशयोक्ती ही सजावट नसून त्याच्या आशयाचा कणा आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे दिग्दर्शक हिदेकी कामिया यांची परंपरा प्रथम लक्षात घेणे इष्ट ठरेल. 'व्ह्यूटिफुल जो' (२००३) या खेळात त्यांनी चित्रपटाच्या पडद्यात शिरणारा वीर रंगविला, तर 'ओकामी' (२००६) मध्ये खेळाडूच्या हाती कुंचला देऊन जग बदलण्याची सोय केली. या दोन्ही कल्पना 'वंडरफुल १०१' मध्ये एकत्र आल्या आहेत. त्याहून जुना वारसा जपानी दूरचित्रवाणीचा आहे. शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतून १९७५ मध्ये 'गोरेंजर' ही मालिका सुरू झाली आणि रंगवार पोशाख घालणाऱ्या पाच जणांच्या पथकाची प्रथा रूढ झाली. लाल नेता, निळा साथीदार, ठरलेली आरोळी, ठरलेला पवित्रा हे सारे संकेत कामिया जसेच्या तसे घेतात. फक्त पाचाच्या जागी ते शंभर करतात. एकशे एकावा कोण, याचे उत्तर खेळच देतो : संच हाती घेऊन बसलेला खेळाडू.

संख्या वाढवणे ही वरकरणी सर्वांत स्वस्त अतिशयोक्ती. येथे मात्र संख्येतूनच खेळाचे व्याकरण घडते. पडद्यावर मुंगीएवढ्या दिसणाऱ्या वीरांचा घोळका धावत असतो. खेळाडू बोटाने किंवा दांडीने एक रेषा ओढतो आणि ते वीर त्या रेषेत उभे राहतात. रेषा वर्तुळाकार असेल तर त्यांची प्रचंड मूठ होते, सरळ असेल तर तलवार, काटकोनात वळली तर बंदूक, नागमोडी असेल तर चाबूक. रेषा जितकी लांब तितके शस्त्र मोठे. परंतु तितकेच जास्त वीर त्यात गुंततात आणि तितकी शक्तीही खर्च होते. रणांगणावर काढलेली ही अक्षरेच म्हणावी लागतील. 'ओकामी'मध्ये कुंचला उचलताच जग थांबत असे. येथे ती उसंत पूर्णपणे मिळत नाही. गडबडीत काढलेले वर्तुळ वेडेवाकडे होते आणि मुठीऐवजी भलतेच काही हाती येते. खेळाडूचे हस्ताक्षर सुधारत जाणे हाच या खेळातील खरा विकास आहे.

या ठिकाणी एक गंभीर आक्षेप संभवतो. माणसांची रांग करून त्यांचे शस्त्र बनविणे ही कल्पना निर्मळ आहे काय? विसाव्या शतकाने माणसांच्या शिस्तबद्ध रांगा पुष्कळ पाहिल्या आणि त्यांच्या शेवटी काय होते तेही पाहिले. माणूस हा कच्चा माल, नेता हा कारागीर, असा अर्थ या खेळातून काढणे अशक्य नाही. परंतु तो अर्थ खेळ प्रत्यक्ष खेळताना टिकत नाही. शत्रूचा घाव बसताच ती भव्य तलवार क्षणात विस्कटते आणि तिच्यातील माणसे पुन्हा माणसे होऊन जमिनीवर इतस्ततः पडतात, भोवळ आलेली, हतबल. मग नेत्याला लढाई सोडून धावावे लागते आणि एकेकाला गोळा करावे लागते. जो खेळाडू पडलेल्यांकडे पाठ फिरवतो, त्याच्या पुढच्या तलवारीला माणसेच उरत नाहीत. रस्त्यावरच्या घाबरलेल्या नागरिकांभोवती रेषा ओढली की त्यांनाही मुखवटा मिळतो आणि ते तात्पुरते पथकात येतात. वीरत्व रक्तातून किंवा अपघातातून येत नाही. कोणी तरी भोवती रेषा ओढून सामावून घेतल्याने येते. शंभरांतील प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि पोशाख आहे, त्यात 'वंडर-टॉयलेट' नावाचा वीरसुद्धा आहे. हास्यरस येथे वीररसाला कमीपणा आणत नाही, उलट त्याला फुगू देत नाही.

प्राध्यापक वाचकांना विशेष वाटावी अशी एक बाब नोंदविली पाहिजे. पथकाचा नेता वंडर-रेड हा एरवी प्राथमिक शाळेतील शिक्षक आहे. परग्रहावरील 'गीथजर्क' या टोळीच्या हल्ल्यात सापडलेल्या शाळेच्या बसमधून कथेला आरंभ होतो आणि पहिले मोठे शौर्य म्हणजे त्या बसमधील विद्यार्थ्यांना वाचविणे. मुखवटा चढविल्यावरही त्याची मास्तरकी सुटत नाही. नियम सांगणे आणि लांबलचक खुलासे करणे चालूच राहते. त्या विद्यार्थ्यांपैकीच लुका हा मुलगा वीरांचा मनापासून तिरस्कार करतो. त्याची मनधरणी कोणत्याही मुठीने किंवा तलवारीने होत नाही. यंत्रमानवांवर यंत्रमानव चढविणाऱ्या या गदारोळात एका मुलाचा राग इतका वेळ जपून ठेवणे, हे कथाकाराचे भान मानावे लागेल.

खेळाचे दोषही त्याच्या अतिशयोक्तीतूनच उगवतात. फ्रेंच नेमबाज, धिप्पाड रशियन, जपानी निन्जा आणि संगणकात डोके खुपसून बसलेला भारतीय मुलगा, ही पात्रयोजना हसवते खरी, पण ती साच्यातली आहे. अतिशयोक्ती आकाराविषयी असते तेव्हा कल्पनेला मोकळे करते. राष्ट्रांविषयी असते तेव्हा फक्त कप्पे पाडते. वंडर-पिंकच्या वाट्याला आलेले काही विनोद तर सरळ सवंग आहेत. दुसरा दोष अध्यापनाचा आहे आणि शिक्षक-नायकाच्या खेळात तो अधिकच खटकतो. घाव परतवून लावणारी आणि घाव चुकविणारी अशा दोन अत्यावश्यक युक्त्या खेळ शिकवत नाही. त्या खेळातील दुकानातून विकत घ्याव्या लागतात. ज्याला हे कळले नाही तो पहिल्या काही लढायांत नुसता मार खातो, आणि प्रत्येक लढाईअखेर मिळणाऱ्या पदकांमध्ये त्याच्या हाती उत्तेजनार्थ बक्षीस येते. अभ्यासक्रम न शिकविता परीक्षा घेण्याचाच हा प्रकार. अनेकांनी येथेच खेळ सोडला असावा. एकदा या दोन युक्त्या हाती आल्या की मात्र लढाईला लय सापडते, आणि दुसऱ्या वेळी तोच प्रसंग नृत्यासारखा वाटू लागतो.

प्रकाशनाच्या वेळी खेळाची विक्री फारच थोडी झाली. ज्या 'वी यू' संचासाठी तो रचला होता, त्यालाही ग्राहक कमीच लाभले. फेब्रुवारी २०२० मध्ये प्लॅटिनमगेम्सने 'किकस्टार्टर'वरून लोकवर्गणी मागितली. सुरुवातीचे ५०,००० डॉलरचे लक्ष्य पहिल्याच दिवशी ओलांडले गेले आणि त्याच वर्षी सुधारित आवृत्ती 'स्विच', 'प्लेस्टेशन ४' व संगणकासाठी निघाली. तथापि मूळ संचाच्या हातातील दुसरा पडदा या आवृत्तीला लाभला नाही. इमारतीच्या आतील दृश्य त्या पडद्यावर पाहत बाहेरच्या वीरांना चालविणे ही मूळ खेळाची गंमत होती. आता ते दृश्य मुख्य पडद्याच्या कोपऱ्यातील चौकटीत बसविले आहे, आणि खेळाडूला एरवी मान खाली घालून जे पाहावे लागे ते नुसती नजर वळवून दिसते.