पक्षाघातावरील प्राणिप्रयोग : दोष कोणाचा ?

पक्षाघातावरील औषधसंशोधनाविषयी एक मत बरेच रूढ झाले आहे. उंदराच्या मेंदूत जे साधते ते मनुष्याच्या मेंदूत साधत नाही, सबब हे प्राणिप्रयोग व्यर्थ होत, असे ते मत. त्याच्या पुष्ट्यर्थ ओकॉलिन्स व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या समालोचनाचा हवाला नेहमी दिला जातो. त्यांनी १०२६ प्रायोगिक उपचारांची मोजदाद केली. पैकी ११४ उपचार मनुष्यावर योजून पाहिलेले होते. हवाला देणारे येथेच थांबतात. निबंधाचा खरा निष्कर्ष मात्र निराळा आहे : हे ११४ उपचार प्राण्यांमध्ये उरलेल्या ९१२ उपचारांहून अधिक गुणकारी ठरले होते, असा पुरावाच आढळला नाही. हा ठपका उंदरावर येत नाही. निवड करणाऱ्यांवर येतो.

एन्‌एक्स्‌वाय-०५९ या औषधाची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९९९ साली तज्ज्ञांनी व औषधनिर्मात्यांनी मिळून प्राणिप्रयोगांसाठी काही दंडक घालून दिले होते. ते दंडक पाळणारे औषध म्हणून याची ख्याती. उंदरांबरोबर मार्मोसेट माकडांवरही त्याचा गुण दिसला होता. २००६ च्या पहिल्या मोठ्या परीक्षणात अल्पसा लाभ आढळला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३३०० रुग्णांवरील दुसऱ्या परीक्षणात तोही उरला नाही. पुढे २००८ साली मॅक्लिऑड प्रभृतींनी मूळ प्रयोग पुन्हा तपासले. प्राण्यांची विभागणी यदृच्छेने केलेल्या, आणि कोणत्या प्राण्यास औषध मिळाले हे मोजणाऱ्यास ठाऊक नसलेल्या प्रयोगांत औषधाचा गुण पुष्कळच कमी दिसत होता. दंडक होते; ते कितपत पाळले गेले याची झडती मात्र हजारो रुग्णांना औषध टोचून झाल्यावर घेतली गेली !

याचा अर्थ उंदीर सर्वस्वी निर्दोष आहे असा नव्हे. प्रयोगशाळेतील उंदीर बहुधा तरुण व निरोगी असतो. रुग्ण वृद्ध, रक्तदाबाने वा मधुमेहाने गांजलेला. १९८९ पासून विशेष प्रचारात आलेल्या पद्धतीत नायलॉनचा धागा सरकवून उंदराच्या मेंदूची धमनी रोधतात आणि ठरल्या वेळी तो काढून घेतात. रक्त एकदम पूर्ववत वाहू लागते. रुग्णाच्या धमनीतील गुठळी अशी आज्ञाधारक नसते.

उलट, जेथे प्राण्याला विचारलेला प्रश्न आणि रुग्णाची अडचण एकच होती, तेथे उत्तरही खरे ठरले. झिव्हिन यांनी १९८५ साली सशांच्या मेंदूत रक्ताच्याच गुठळ्या सोडून त्या विरघळविणारे औषध दिले, आणि इजा कमी झालेली दाखविली. १९९५ साली ६२४ रुग्णांवरील अमेरिकन परीक्षणात, तीन तासांच्या आत दिल्यास तेच औषध उपकारक ठरले. मेंदूतील रक्तस्रावाचा धोका त्यातही होताच. तरी तो उपचार टिकला. ससा मनुष्याच्या अधिक जवळचा म्हणून हे घडले, असे कोणी म्हणणार नाही.

धाग्याच्या पद्धतीसंबंधीही आता फेरविचार आवश्यक झाला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांनंतर मोठ्या धमनीतील गुठळी उपकरणाने ओढून काढणे हा मान्य उपचार झाला. अशा रुग्णाच्या मेंदूत रक्त जवळजवळ उंदराप्रमाणेच एकाएकी परतते. कालपर्यंत जी विसंगती गणली जात होती तीच या रुग्णांपुरती सुसंगती झाली आहे. आणि टाकून दिलेल्या औषधांपैकी काही, धमनी मोकळी होत असताना देऊन, वृद्ध व रक्तदाबाच्या उंदरांवर काटेकोरपणे पुन्हा तपासण्यास आता सबळ कारण आहे.