घर दाखवणाऱ्या मित्राचं काय करायचं?

पु. ल. देशपांड्यांचा 'मी आणि माझा शत्रुपक्ष' तुम्ही वाचला नसला, तरी ऐकलेला असण्याची शक्यता बरीच आहे. आमच्या पिढीतल्या अनेकांना पुलं पुस्तकाआधी हेडफोनमधून भेटले. 'हसवणूक'मधल्या या लेखातले शत्रू म्हणजे अर्धवट बांधलेलं घर फिरवून फिरवून दाखवणारे आणि फोटोंचा अल्बम मांडीवर ठेवणारे लोक. थोडक्यात, सगळे ओळखीपाळखीचे, मित्रच. लेखकाला त्यांचं काही वाकडं करायचं नाहीये. त्याला फक्त तिथून सुटायचंय, आणि सुटता येत नाहीये.

हा लेख मला फार आवडतो. तरी त्याच्याशी माझं एक भांडण आहे.

आधी आवडतो का, ते सांगतो. यातला विनोद 'भीड' या एका शब्दावर चालतो. समोरच्याचा राग येत नाही, कंटाळा येतो, पण तो दाखवता येत नाही. मान डोलवायची, 'वा, मोरी छान निघाली' म्हणायचं. अवघडलेल्या मैत्रीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पुलंनी पुढे 'मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर' व्हायचं कसं, याचे धडे दिले, तेव्हाही आव सल्ल्याचाच होता. (आम्हा सोलापूरकरांना त्यात प्रवेशच नाही. 'सोलापूरकर व्हायचंय का?' असं कुणी विचारलं नाही, कारण तो होता येत नाही, चटणीवर वाढावा लागतो.) खोटा सल्ला देता देता माणसांच्या खऱ्या खोडी सांगायच्या, ही मराठी विनोदाची जुनी युक्ती. गडकऱ्यांच्या 'कवींचा कारखाना'तही ती दिसते.

आता भांडण. 'शत्रुपक्ष'मधला 'मी' कायम निर्दोष असतो. बिचारा पाहुणा! घर दाखवणारा माणूस घर का दाखवतोय, हे तो एकदाही विचारत नाही. मला हा प्रश्न पडतो, कारण आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधले बरेचसे जण आता पुण्यात आहेत आणि सगळेच घर दाखवतात. एकाने परवा व्हिडिओ कॉलवर अख्खा टू बीएचके फिरवून दाखवला. पीओपी, मॉड्युलर किचन, बाल्कनीतून दिसणारी दुसऱ्याची बाल्कनी. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतलेल्या माणसाला 'बरोबर केलंस' एवढं कुणीतरी म्हणायला हवं असतं. बायको म्हणणार नाही, कारण हप्त्यात तीही आहे. बापाला रकमेचा आकडा सांगितलेला नाही. उरतो मित्र. पुलंच्या लेखात ही बाजू येत नाही, आणि ती आली असती तर लेख इतका हसवला नसता, हेही मान्य. पण विनोदाने कुणाची बाजू घेतली, हे हसून झाल्यावर बघायला काय हरकत आहे?

चाळीतला हिशोब वेगळा आहे. 'बटाट्याची चाळ' (१९५८) उघडा आणि 'भ्रमणमंडळ' वाचा. चाळकरी सहलीला निघतात, आणि खरी सहल होते ती निघण्याआधीच्या चर्चेत. 'उपास' वाचा. एकाला वजन कमी करायचंय आणि सल्ला द्यायला सगळी चाळ हजर. ज्याला व्हॉट्सॲप ग्रुपवर 'दोन दिवस कुठंतरी जाऊ' असा मेसेज टाकायचा अनुभव आहे, त्याला यातलं काहीच जुनं वाटणार नाही. कोण काय खात नाही, कुणाची सुट्टी नाही, कोण फक्त अंगठा दाखवून गप्प बसतो, सगळं तेच. फरक एवढाच की चाळीतून 'एक्झिट' होता येत नव्हतं. भांडण झालं तरी सकाळी त्याच नळावर, त्याच जिन्यात तोंड दिसणार. म्हणून पुलंना सगळ्यांची निर्धास्त टिंगल करता आली. माणसं तुटणार नाहीत, याची खात्री चाळीची रचनाच देत होती.

आमच्याकडे ती रचना नाही. आमच्याकडे म्यूटचं बटण आहे. मित्र कंटाळवाणा झाला की मान डोलवत बसावं लागत नाही, अंगठ्याने वर सरकवायचं. रीलवरचे सल्लागारही तेच सांगतात: त्रास देणारी माणसं आयुष्यातून काढा. कधीकधी ते बरोबरही असतं. छळणाऱ्या माणसाला भीड कशाला? पण नुसता बोअर करणारा मित्र आणि छळणारा मित्र यांना एकच औषध दिलं, तर दोन वर्षांत ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक उरतात. आमच्या एका ग्रुपवर सध्या तेवढेच आहेत.

म्हणून अवघड मैत्रीवरचा पुलंचा सर्वांत उपयोगी लेख मला 'सखाराम गटणे' वाटतो. 'व्यक्ती आणि वल्ली'तला. या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गटणे पुस्तकी बोलतो, लेखकाला देव मानतो, आणि समोरच्याला कसंनुसं होतं. सुरुवातीला लेखक इथेही 'शत्रुपक्ष'मधल्यासारखाच सुटायला बघतो. पण मग गटण्याचे वडील येतात, मुलगा लग्नाला तयार नाही म्हणतात, आणि लेखकाला त्या मुलाशी खरोखर बोलावं लागतं. इथे सल्ल्याचा आव संपतो आणि सल्ला सुरू होतो. गंमत म्हणजे विनोद कमी होत नाही. उलट गटणे आपल्याला आवडायला लागतो. समोरच्या विचित्र माणसाला काहीतरी हवंय, हे एकदा कळलं की त्याला हसणं आणि त्याच्याजवळ बसणं एकाच वेळी जमतं. 'शत्रुपक्ष'ला हे जमलेलं नाही, असं माझं मत आहे.

हे सगळं सोलापुरात थंडीत तपासून बघता येतं. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, पुण्याची पोरं हुतात्मा एक्सप्रेसने गावी उतरतात, आणि कुणाच्या तरी शेतात हुरडा ठरतो. गोवऱ्यांची आगटी, हातावर चोळलेली गरम कणसं, शेंगाची चटणी, गूळ, दही. गेलेले आणि राहिलेले असे दोन्ही मित्र त्या आगटीभोवती बसतात. गेलेले पॅकेजवर बोलतात, राहिलेले गप्प होतात. मग राहिलेल्यांतला एक 'काय बे, मोठा झाला तू' म्हणतो, आणि सगळे गरजेपेक्षा जास्त हसतात. हुरडा पार्टीसाठी आता तिकीट लावणारी कृषी पर्यटन केंद्रंही आहेत, झोपाळे आणि बैलगाडीसकट. तिथे अवघडलेपण नसतं, कारण यजमान नसतो, काउंटर असतो.

माझा सल्ला मित्राच्या शेतातच जायचा आहे. बाकी तीन गोष्टी. कणसं चोळायचं काम पुण्याहून आलेल्यांना द्या. हात भाजत असताना पॅकेजवर बोलता येत नाही. वीस जणांच्या भाकरी थापणाऱ्या काकू आणि वहिनींना आगटीजवळ आणून बसवा आणि पिठलं-भाकरी बाहेरून मागवा. पाहुणचाराच्या विनोदात यजमान असतो, पाहुणा असतो, चुलीजवळची बाई क्वचित असते. आणि कुणी फोन काढून नव्या फ्लॅटचे फोटो दाखवायला लागला, तर सगळे बघा. मोरीसुद्धा. मग विचारा, 'हप्ता किती बसतो रे?' तो आकडा त्याला बरेच दिवस कुणालातरी सांगायचा असेल.