दोन सेंटरांमधला शाफ्ट

मोटरचा किंवा पंपाचा शाफ्ट हाती आला की आधी त्याची टोकं पाहावीत. बहुतेक वेळा दोन्हीकडे बरोबर मध्यावर शंकूच्या आकाराचा एकेक खळगा दिसतो. बेअरिंगच्या बैठका, पायऱ्या, आटे, सगळं या दोन खळग्यांच्या आधारानं कातलेलं असतं.

या खळग्यांत लेथची सेंटर, म्हणजे शंकूच्या टोकाचे आधार, बसतात. अशा दोन सेंटरांमध्ये जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, बांधणं ही कातकामातली फार जुनी रीत. लाकूड कातणारे कातारी दोन खिळ्यांमध्ये ते धरून कमानीच्या दोरीनं फिरवत, तीही हीच. पुढे जॉब जबड्यांत धरणारा चक आला, काम झटपट होऊ लागलं. पण शाफ्टचे सगळे व्यास एकाच अक्षावर हवे असले की जाणता टर्नर चक उतरवून ठेवतो. मला ही मांडणी सुंदर वाटते ती एवढ्यासाठी, की तिच्यात अक्ष जॉबच्या स्वतःच्या अंगात असतो. तीन जबड्यांच्या चकातून काम काढून पुन्हा धरलं तर ते पाच-दहा शतांश मिलिमीटर सरकणं नेहमीचंच. सेंटरांमधला जॉब मात्र काढा, मापा, उलटा करून चढवा, उद्या दुसऱ्या लेथवर न्या. अक्ष बदलत नाही.

म्हणून सगळा जीव त्या खळग्यात. 25 मिमीच्या शाफ्टला साधारण 3 मिमीच्या सेंटर ड्रिलनं तो पाडतात. तोंडाशी रुंदी भरते सहाएक मिलिमीटर. शंकूचा कोन 60 अंशांचा, आणि त्याच्या तळाशी आणखी एक बारीक सरळ भोक. हे भोक दिसायला फालतू, पण ते नसतं तर सेंटरचं टोक तळाला टेकलं असतं आणि जॉब टोकावर डुलत राहिला असता. भोक असल्यामुळे टोक अधांतरी राहतं आणि शंकू शंकूला भिडतो. शिवाय ग्रीस साठायला तिथंच जागा होते. इतक्याशा भोकानं दोन गरजा भागाव्यात, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता दोन सेंटर पाहा. दिसायला जुळी, स्वभावानं निराळी. हेडस्टॉकमधलं, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या बाजूचं, सेंटर स्पिंडलबरोबर फिरतं, म्हणून ते तंतोतंत खरं फिरायला हवं. जॉबशी त्याचं घर्षण मात्र होत नाही. ते मऊ पोलादाचं असलं तरी चालतं, उलट तेच सोयीचं. कंपाउंड स्लाइड 30 अंशांवर वळवायची आणि सेंटर जागेवरच हलका कट घेऊन कातून टाकायचं. ज्या स्पिंडलमध्ये बसलं त्याच स्पिंडलवर घडलं, मग चुकायला जागा कुठली? समोरच्या टेलस्टॉकचं डेड सेंटर मुळीच फिरत नाही, पण जॉब त्याच्यावर घासत राहतो. ते कडक हवं, टोकाला कार्बाइड असेल तर उत्तमच. दोन्हींच्या बुडाला मोर्स टेपर असतो. तो आणि त्याची बैठक बसवण्याआधी फडक्यानं पुसायची, मग बोटानं चाचपायची. आत अडकलेली केसाएवढी चिप पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

जॉब फिरवण्याचं काम डॉगचं. तो जॉबच्या टोकाला आवळायचा आणि त्याची वाकडी शेपटी ड्रायव्हिंग प्लेटच्या खाचेत सोडायची. शेपटी खाचेत अडकून बसता कामा नये. बसली तर ती जॉबला सेंटरवरून उचलायला बघते. तयार पृष्ठभागावर डॉग बांधायचा तर स्क्रूखाली तांब्याची पट्टी हवीच. एकच शेपटी एकाच बाजूनं ढकलते, त्यामुळे तो रेटा एका फेऱ्यात कधी टूलकडे, कधी टूलपासून दूर होतो आणि बारीक कामात गोलाई किंचित बिघडते. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज यंत्रकार जोसेफ क्लेमंट यानं, ज्यानं चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग घडवले त्यानंच, यावर दोन बाजूंनी समान ढकलणारा आणि आपोआप तोल साधणारा ड्रायव्हर बनवला. दोन उलट, सारखे रेटे असले की उरते फक्त फिरवण्याची शक्ती. ही कल्पना मला पूर्ण लेथच्या तोडीची वाटते.

या मांडणीचा कस लागतो टेलस्टॉक जुळवताना. दोन सेंटरांची टोकं एकमेकांसमोर आणून नजरेनं पाहणं ही केवळ सुरुवात. टेस्ट बार चढवून त्यावर डायल फिरवता येतो, पण मला आवडते ती कातून पाहण्याची रीत. एका बारचा मधला भाग उतरवून दोन्ही टोकांना एकेक कॉलर ठेवायची, आणि क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्हींवर एकच हलका कट घ्यायचा. मग मायक्रोमीटर. समजा, हेडस्टॉककडे 30.00 मिमी आलं आणि टेलस्टॉककडे 30.06. त्या टोकाला जॉब टूलपासून दूर आहे, म्हणून टेलस्टॉक आपल्याकडे सरकवायचा; तोही 0.03च, कारण फरक व्यासात मोजलेला असतो. बुडाचा एक स्क्रू सैल करायचा, दुसरा आवळायचा, क्लॅम्प घट्ट करायचा आणि पुन्हा कट घ्यायचा. क्लॅम्प आवळताना टेलस्टॉक जरा हलतोच, म्हणून हा दुसरा कट टाळू नये. कॉलरवर अंगुळभरच कापायचं असल्यानं टूलची झीज मापात मिसळत नाही. जे माप येतं ते टेलस्टॉकचंच.

टेलस्टॉक बाजूला 0.05 मिमी सरकला असेल तर त्या टोकाला व्यासात सरळ 0.1 मिमीचा फरक पडतो. तेवढाच तो खाली असेल तर 30 मिमीच्या जॉबवर फरक एका मायक्रॉनपेक्षाही कमी, कारण टूल आडव्या दिशेनं येतं आणि उभी चूक गोलाईवरून निसटून जाते. बेडवर घासून किंचित खाली बसलेला जुना टेलस्टॉक सरळ शाफ्ट देत राहतो तो यामुळे. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे जुने लेथ अजून जिथं चालतात, तिथं ही भूमिती त्यांना सांभाळून घेते.

मग सेंटरांचा दाब. ग्रीस भरून डेड सेंटर पुढे आणायचं आणि डॉगची शेपटी धरून जॉब हलवून पाहायचा. खटका जाणवू नये, पण बोटानं फिरावा. इथं कुठलं मोजमाप कामाला येत नाही, हात तयार लागतो. आणि हा दाब तसाच टिकतही नाही. पोलाद मीटरमागे दर अंशाला साधारण 12 मायक्रॉन वाढतं. अर्ध्या मीटरचा शाफ्ट कापताना 40 अंशांनी तापला तर जवळपास पाव मिलिमीटर लांब होतो. दोन्हीकडून तो कोंडलेला, जायला वाट नाही. मग तो वाकतो किंवा सेंटर जळतं. त्याआधी किर्र असा आवाज येतो. म्हणून मोठा कट झाला की चांगला टर्नर विचार न करता टेलस्टॉकचं चाक थोडं मागे घेतो आणि पुन्हा लावतो.

याच मांडणीचा विस्तार क्रँकशाफ्टमध्ये दिसतो. शिवाजी उद्यमनगरासारख्या वस्तीत, जिथं कोल्हापूरनं ऑइल इंजिनं घडवली, तिथं हे काम ओळखीचं आहे. टोकांना सेंटरची एक जोडी मुख्य जर्नलसाठी, दुसरी जोडी बाजूला, क्रँकपिनसाठी. जॉब एकच, अक्ष दोन. खळगे बदलले की दुसरा अक्ष जिवंत होतो. आणि या विचाराची शेवटची पायरी सिलिंड्रिकल ग्राइंडरवर. तिथं दोन्ही सेंटर डेड असतात, फिरतो फक्त जॉब. जॉब कुठल्याही फिरणाऱ्या बेअरिंगवर टेकलेला नसतो, म्हणून बेअरिंगची चूक जॉबच्या गोलाईत उतरत नाही.

काम संपल्यावर खळगे ठेवायचे की नाहीत, ते ड्रॉइंगवर लिहिता येतं: ठेवलेच पाहिजेत, ठेवले तरी चालतील, किंवा ठेवू नयेत, अशा तीन खुणा आयएसओ 6411 या मानकात आहेत. टोक गुळगुळीत दिसावं एवढ्यासाठी तिसरी खूण करणारे डिझायनर मला पटत नाहीत. झिजलेला शाफ्ट दुरुस्तीला आला की खळगे साफ करून तो सरळ सेंटरवर चढतो. खळगे कापून टाकले असतील तर दुरुस्त करणाऱ्याला आधी अक्षच शोधत बसावं लागतं.