घर्षण-घटीची ‘अंतिम मर्यादा’ : विर्क यांच्या उपपत्तीचे परीक्षण

प्रक्षुब्ध प्रवाहाने वाहणाऱ्या द्रवात दीर्घ शृंखलेच्या बहुवारिकाचा अत्यल्प अंश मिसळला असता नळातील घर्षण लक्षणीय प्रमाणात घटते, ही गोष्ट बी. ए. टॉम्स यांनी १९४८ साली हॉलंडमध्ये भरलेल्या प्रवाहिताशास्त्राच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडली. १९७९ पासून अलास्कातील तेलवाहिनीत तिचा प्रत्यक्ष उपयोगही होऊ लागला. तथापि जे उपयोगास आले ते उलगडलेही, असे मानण्याचे कारण नाही. या विषयावरील सर्वांत प्रभावी लेखन म्हणजे पी. एस. विर्क यांचा १९७५ चा समीक्षालेख. त्याचे मूल्यमापन याच दृष्टीने करावयास हवे.

विर्क यांचा मुख्य निष्कर्ष असा : बहुवारिक कोणतेही असो, त्याचा रेणुभार वा संहती कितीही असो, घर्षणातील घट एका ठराविक रेषेपलीकडे जात नाही. फॅनिंग घर्षणांकाच्या वर्गमूळाचा व्यस्तांक आणि रेनल्ड्स अंक व त्याच वर्गमूळ यांच्या गुणाकाराचा दशमान लघुगणक यांचा आलेख काढला, तर साध्या द्रवासाठी रेषेचा उतार ४.० येतो, अंतिम मर्यादेसाठी तो १९.० येतो. रेनल्ड्स अंक ४०,००० असता याचा अर्थ घर्षण सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होणे असा होतो. विखुरलेल्या मापनांना विर्क यांनी एका सूत्रात गोवले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

अडचण येते ती स्पष्टीकरणात. भित्तीलगतचा श्यान थर आणि मध्यवर्ती प्रवाह यांच्या दरम्यान एक ‘स्थितिस्थापक थर’ असतो, बहुवारिकाच्या प्रभावाने तो वाढत जातो आणि त्याने संपूर्ण नळ व्यापला की मर्यादा गाठली जाते, असे ते प्रतिपादन करतात. या थरातील वेगाच्या लघुगणकीय रेषेस ११.७ हा उतार दिलेला आहे. परंतु घर्षणसूत्रातील १९.० ला २ च्या वर्गमूळाने गुणून २.३०३ ने भागले असता ११.७ हीच संख्या मिळते. म्हणजे वेगरेषा हे घर्षणसूत्राचेच रूपांतर होय. त्याचे कारण नव्हे. साध्या द्रवाच्या बाबतीतही असे रूपांतर करता येते हे खरे. पण तेथे भित्तीपासूनचे अंतर हीच एकमेव लांबी महत्त्वाची ठरते या युक्तिवादातून लघुगणकीय नियम स्वतंत्रपणे निष्पन्न होतो. ११.७ च्या पाठीशी तसा युक्तिवाद नाही. विर्क यांनी प्रत्यक्ष वेगमापनांशी तुलना केली होती. परंतु २०१२ साली व्हाइट, दुबिएफ व क्ल्युइकी यांनी केलेल्या पुनर्तपासणीत या रेषेची सार्वत्रिकताच संशयास्पद ठरली.

याहून मूलगामी आक्षेप २०१८ साली पुढे आला. शुएरी, लोपेझ व हॉफ यांनी नळातील प्रयोगांत, रेनल्ड्स अंक काही हजार असता, संहती क्रमाक्रमाने वाढवली. प्रथम घर्षण घटले. पुढे ते विर्क यांच्या रेषेच्याही खाली गेले आणि प्रवाह पूर्णतः स्तरीय झाला. संहती आणखी वाढवताच स्तरीय प्रवाह अस्थिर होऊन घर्षण पुन्हा त्याच रेषेवर येऊन ठेपले. यावरून ही रेषा क्षीण झालेल्या नेहमीच्या प्रक्षोभाची शेवटची पायरी नसून, स्थितिस्थापकतेतून उद्भवणाऱ्या वेगळ्या अस्थिर गतीची खूण असावी, असे दिसते. स्थितिस्थापक-जडत्वजन्य प्रक्षोभाची कल्पना २०१३ मध्येच मांडली गेली होती. तिला या प्रयोगाने बळ मिळाले.

विर्क यांची बाजू मांडताना एवढे मान्य केलेच पाहिजे की, मोठ्या रेनल्ड्स अंकांना असा स्तरीय टप्पा मध्ये आढळत नाही आणि तेथे त्यांचे सूत्र अभियंत्यास आजही भरवशाचे वाटते. दोष सूत्राचा नाही, त्यास दिलेल्या दर्जाचा आहे. मापनांचा गोषवारा म्हणून ते टिकेल. निसर्गाने घातलेली मर्यादा म्हणून टिकणार नाही. ‘अंतिम’ हे विशेषण एकदा जोडले गेल्यावर, रेषेच्या खाली काय आहे हा प्रश्न विचारण्याचे प्रयोजनच दीर्घकाळ कोणास वाटले नाही. म्हणून या विषयात प्रवेश करणाऱ्या अभ्यासकाने १९७५ चा लेख अवश्य वाचावा. मात्र त्यातील कोणती संख्या मोजलेली आहे आणि कोणती तिच्यापासून केवळ गणिताने काढलेली आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे करूनच वाचावा.