प्रलयकाळची सुरी

मेलेली माणसे उठून चालू लागली, जिवंतांचा फडशा पाडू लागली, वीज गेली, नळ कोरडे पडले, सरकार नावाची वस्तू उरली नाही, तर अशा वेळी हाताशी कोणती सुरी असावी? प्रश्न चमत्कारिक आहे खरा. घरातील एकूण एक पाते, शंकरपाळ्यांच्या कातणीपासून खोबऱ्याच्या विळीपर्यंत, सणाच्या कामाला जुंपलेले असताना तो काढावा, हे काही गृहिणींना रुचणारही नाही. पण अमेरिकेत आणि इंग्लंडात गेली वीस-पंचवीस वर्षे या प्रश्नावर मोठ्या हौसेने खल चालला आहे. त्यावर पुस्तके निघाली, मालिका निघाल्या. कारखानदारांनी खास या प्रलयासाठी म्हणून हिरव्या मुठींच्या सुऱ्यासुद्धा बाजारात आणल्या. हौशी लोक हा प्रश्न पोलादाचा समजतात. मला तो साहित्याचा वाटतो. कथाकार आपल्या नायकाच्या हाती कोणते पाते देतो आणि ते कशावर चालवितो, यावरून त्या कथाकाराची माणसाविषयीची कल्पना चटकन ओळखता येते.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. इंग्रजीतला ‘झॉम्बी’ आणि आपली ‘झोंबी’ यांचे काडीइतकेही नाते नाही. आपली झोंबी आखाड्यातली. आनंद यादवांनी १९८७ साली आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला ते नाव दिले ते शाळेसाठी बापाशी आणि दारिद्र्याशी घेतलेल्या झोंबीमुळे. तो दुसरा झॉम्बी झोंबत नाही. तो चावतो, आणि ज्याला चावतो तोही त्याच्यासारखाच होतो. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे कळते.

एकट्याने तगून राहण्याच्या या कथांचा मूळपुरुष रॉबिन्सन क्रूसो. डीफोची ही कादंबरी १७१९ सालची. जहाज फुटून क्रूसो किनाऱ्याला लागतो तेव्हा त्याच्या अंगावर एक चाकू, एक चिलीम आणि चिमूटभर तंबाखू एवढाच ऐवज असतो. त्या चाकूने तो पहिल्या रात्री काय करतो? एक आखूड दांडका तोडून घेतो आणि झाडावर चढून झोपतो. पुढे फुटक्या जहाजावर त्याला सुताराची पेटी सापडते, ती त्याला सोन्याने भरलेल्या गलबताहून मोलाची वाटते. आणखी एका फेरीत कप्प्यात वस्तरे, कात्री, दहा-बारा सुऱ्याकाटे आणि त्यांच्याबरोबर छत्तीस पौंडांची नाणी मिळतात. क्रूसो त्या नाण्यांची यथेच्छ निर्भर्त्सना करतो. यातली एक सुरी या सगळ्या ढिगाच्या तोलाची आहे, असे बजावतो. आणि मग थोडा विचार करून ती नाणी कापडात गुंडाळून घेऊन जातो! डीफो मोठा लेखक का, हे त्या ‘थोडा विचार करून’मध्ये आहे. मनुष्यवस्तीचा मागमूस नसलेल्या बेटावरही त्याच्या नायकाला बाजार पुरता विसरता येत नाही. पण सुरीची किंमत मात्र त्याने बिनचूक ओळखली आहे. ती हत्यार म्हणून कमी, आणि इतर अवजारांची आई म्हणून अधिक.

विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये (१९५४) बेट तसेच आहे, माणसे मात्र शाळकरी मुले. त्यातल्या जॅकजवळ चाकू आहे. वेलींत अडकलेल्या डुकराच्या पिलावर तो चाकू उगारतो, आणि हात खाली येत नाही. क्षणभरच, पण पिलू निसटून जाते. खजील झालेला जॅक पुढल्या खेपेला बघून घेईन अशा आवेशात चाकू झाडाच्या बुंध्यात मारतो. सुरीवर लिहिलेली यापेक्षा चांगली पाने मला तरी ठाऊक नाहीत. पाते आणि मांस यांच्यामध्ये जे काही आडवे येते, त्यालाच आपण संस्कृती म्हणत आलो. ते एकदा दूर झाले की पुढे चाकूचीही गरज उरत नाही, दोन्ही टोकांना तासलेली काठी पुरते.

आता चालत्या मढ्यांकडे वळू. जॉर्ज रोमेरो या तरुण दिग्दर्शकाने १९६८ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरात, तुटपुंज्या पैशांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा बोलपट केला. गंमत अशी, की ज्याच्यापासून आजची सारी परंपरा निघाली त्या चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. घाबरलेली बार्बरा त्या रिकाम्या घरात शिरते आणि स्वयंपाकघराच्या खणातून एक मोठी सुरी उचलते. कोणीही उचलली असती. ती सुरी तिचे काहीच भले करीत नाही. घर तगते ते बेनच्या हातोडीमुळे आणि खिळ्यांमुळे. तो दारे-खिडक्यांवर फळ्या ठोकीत राहतो, आणि दिग्दर्शक आपल्याला ते ठोकणे बराच वेळ पाहायला लावतो. चित्रपटातला सर्वांत भयानक घाव ना सुरीचा, ना बंदुकीचा. तळघरातली लहान मुलगी आपल्या आईला थापीने मारते. गवंडीकामाच्या, बागकामाच्या साध्या थापीने. घर बांधायची वस्तू, घरातलेच मूल आणि घरातलीच आई. रोमेरोला काय म्हणायचे होते ते त्या एका दृश्यात येऊन जाते. बाहेरची गर्दी हे निमित्त.

यानंतरच्या पिढीने मात्र प्रश्न सोपा केला. मॅक्स ब्रुक्सने २००३ साली ‘द झॉम्बी सर्व्हायव्हल गाइड’ नावाचे हस्तपुस्तक लिहिले. सरकारी पत्रकाचा कोरडा सूर धरून सांगितलेला तो एक लांबलचक विनोद आहे, आणि म्हणूनच तो सरस आहे. त्यात कोयत्यापासून जपानी तलवारीपर्यंत आणि चिनी भिक्षूंच्या फावड्यापर्यंत सर्व पात्यांची गुणदोषचर्चा आहे. त्याच लेखकाच्या ‘वर्ल्ड वॉर झेड’ (२००६) या कादंबरीत सैनिकांना एक नवे हत्यार मिळते: अर्धे फावडे, अर्धी परशू, मोडीत काढलेल्या मोटारींच्या पोलादातून घडविलेले. ब्रुक्सला कळले होते की या लढाईत मारण्याहून खणण्याचेच काम जास्त पडेल. पण वाचकांनी विनोद बाजूला ठेवला आणि तलवार तेवढी उचलली. ‘द वॉकिंग डेड’ (२०१० ते २०२२) या दूरचित्रवाणी मालिकेत तर सुरी कवटीत अशी जाते, जशी पिकल्या पपईत. माणसाच्या कवटीचे हाड सहा-सात मिलिमीटर जाडीचे असते. त्यात सुरी शिरणे कठीण, शिरलीच तर अडकते, आणि तोवर चावणारा हातभर अंतरावर येऊन ठेपलेला. वास्तवाचा हा लहानसा आग्रह मी केवळ चिकित्सेसाठी धरीत नाही. पाते जितके सहज चालते तितका मेलेला माणूस स्वस्त होतो. पाचव्या-सहाव्या भागापर्यंत आपण मोजणेही सोडून देतो, आणि ज्या कथेत प्रेते मोजण्याचा कंटाळा येतो तिच्यात जिवंतांची काळजी तरी किती वेळ वाटणार? त्यामानाने ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४) हा इंग्रजी विनोदी चित्रपट शहाणा. त्यातला नायक चक्क क्रिकेटची बॅट घेऊन निघतो. आपल्या घरात खरोखर काय सापडेल याचा त्याने प्रामाणिकपणे विचार केला आहे.

२०११ साली अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण खात्यानेही या वेडाचा लाभ घेतला. वादळ-भूकंपासाठी तयारी करा म्हटले की कोणी ऐकत नाही, म्हणून त्यांनी झॉम्बींच्या हल्ल्यासाठी तयारी करा असे पत्रक काढले! त्या यादीत सर्वांत वर पाणी आहे, दर माणशी दर दिवशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. मग अन्न, मग औषधे. सुरी येते ती त्यानंतर, चिकटपट्टी आणि बॅटरीवरच्या रेडिओच्या पंगतीला. आणि तीही साधी कामाची सुरी. त्या खात्यातल्या लेखनिकाने डीफो वाचला होता की नाही कोण जाणे, निष्कर्ष मात्र तोच काढला.

परंतु या साऱ्या चर्चेत एक गोष्ट कोणी विचारीत नाही. मूळच्या झॉम्बीच्या स्वतःच्या हातात काय होते?

झॉम्बी हा हैतीचा. फ्रेंचांच्या या साखरेच्या वसाहतीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम उसाच्या मळ्यांत राबून मरत. १७९१ साली ते उठले आणि १८०४ साली त्यांनी स्वतंत्र राष्ट्र उभारले. त्या लोकांच्या समजुतीतला झॉम्बी कोणाला खात नाही, कोणाला चावत नाही. तो मेलेला आहे, आणि तरीही त्याला कामावर यावे लागते. ज्याला मरण हीच एक सुटका ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने यापेक्षा भयंकर कल्पना कोणती? विल्यम सीब्रूक या अमेरिकन प्रवासी लेखकाने ‘द मॅजिक आयलंड’ (१९२९) या पुस्तकात ही गोष्ट इंग्रजी वाचकांपुढे मांडली, तेव्हा हैतीवर अमेरिकेचा लष्करी अंमल होता (१९१५ ते १९३४), आणि त्याने ऐकलेल्या कथेतली मढी एका अमेरिकन साखर कंपनीसाठीच ऊस तोडीत होती. सीब्रूकचे लेखन भडक आहे, त्याची नजर परक्या साहेबाची आहे. पण मढ्यांच्या हातातला कोयता त्याने पाहिला. १९३२ च्या ‘व्हाइट झॉम्बी’ या बोलपटात साखरेच्या घाण्यावर राबणारी मढी दिसतात. एक जण तोल जाऊन घाण्यात पडतो; बाकीचे थांबत नाहीत. त्या कथांत असेही सांगतात, की झॉम्बीला मीठ चाखवू नये. मिठाचा कण जिभेला लागला की त्याला आपण मेलो आहोत याची जाणीव होते आणि तो थेट आपल्या थडग्याची वाट धरतो. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणारा नोकर धन्याला सोडीत नाही. तिकडे मीठ खाल्लेला चाकर धन्याला सोडून जातो.

म्हणजे १९३२ मध्ये पाते मढ्याच्या हातात होते आणि भीती होती गुलाम होण्याची. आज पाते आपल्या हातात आहे आणि भीती आहे ती गर्दीची. या अदलाबदलीत कथेने पुष्कळ गमावले, असे मला वाटते. महाराष्ट्रातल्या वाचकाला तर ते सहज कळावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून लक्षावधी माणसे साखर कारखान्यांच्या मुलखाकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ आणि एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. आगाऊ घेतलेली रक्कम ती उचल. एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि त्याचा दंड. माणसाला त्याच्या अवजाराच्या नावाने मोजणारा हा शब्द कोणा कथाकाराने शोधलेला नाही. तो वहीत रोज लिहिला जातो.

आणि तोच कोयता आता दुसऱ्याही बातम्यांत येतो. २०२२-२३ मध्ये पुण्याच्या वर्तमानपत्रांनी ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ केला; कोवळ्या वयाची पोरे रस्त्यावर कोयते नाचवीत दहशत घालू लागली होती. इंग्लंडात तर सरळ चित्रपटांच्या अनुकरणाने घडविलेल्या ‘झॉम्बी नाइफ’ पोरांच्या हाती गेल्या. नागमोडी धारेची, नक्षीदार, पात्यावर हिंसेची अक्षरे कोरलेली ही सुरी कापण्याच्या कोणत्याही कामाची नाही. ती दाखविण्यासाठी केलेली आहे. २०१६ साली त्यांच्या विक्रीवर बंदी आली. विक्रेत्यांनी अक्षरे तेवढी काढून टाकली आणि धंदा चालू ठेवला. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या धर्तीच्या आठ इंचांहून लांब सुऱ्या घरात बाळगणेही गुन्हा ठरले. कल्पित मढ्यांसाठी घडविलेले पाते खऱ्या मुलांच्या बरगड्यांत गेले, त्यानंतरच हे झाले. ‘ही सारी करमणूक आहे, तिला कशाला इतके मनावर घ्यायचे?’ असे म्हणणाऱ्यांना मी या कायद्याची तारीख सांगतो.

तरीही सुरी कोणती, हे सांगायलाच हवे. नाही तर समीक्षकाने प्रश्नाला बगल दिली असे वाचक म्हणतील. चार-पाच इंचांचे पाते, मिटणारे नको. पात्याचेच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले, म्हणजे जोर लावताना मूठ निसटत नाही. साधे पोलाद, जे गंजते खरे, पण नदीकाठच्या दगडावर घासले तरी धार घेते. कोकणातला माणूस कमरेच्या आकडीत कोयती अडकवून रानात जातो, त्याला यापेक्षा अधिक काही शिकवावे लागणार नाही. विळी मात्र या परीक्षेत नापास होते. तिला घेऊन पळता येत नाही. तिचे पाते जागचे हलत नाही, भाजी त्याच्याकडे न्यावी लागते, आणि त्यासाठी कोणी तरी निवांत बसलेले असावे लागते. प्रलयाच्या कथेत शेवटी जे परत मिळवायचे असते ते हेच बसणे, असे म्हणून मी तिला उत्तीर्ण करणार होतो. पण नियम ते नियम.

आपल्याकडे या जातीचे लेखन-चित्रण अजून कोवळे आहे. ‘गो गोवा गॉन’ (२०१३) या हिंदी चित्रपटाने गोव्याच्या किनाऱ्यावर झॉम्बी आणले ते हशासाठी. आदित्य सरपोतदार यांचा मराठी ‘झोंबिवली’ (२०२२) त्याहून पुढे जातो. डोंबिवलीची नवी गृहसंकुले आणि शेजारची झोपडवस्ती यांच्यातली भिंत त्याने हेरली आहे, आणि पाणी कोणाला मिळते हा खरा डोंबिवलीकर प्रश्नही त्याला सुचला आहे. फक्त मारामारी सुरू झाली की ती भिंत तो विसरतो, आणि मग बाकी सगळ्यांसारखाच होतो.

सुटीत यातले काही पाहावेसे वाटलेच, तर रोमेरोचा चित्रपट निवडा. त्यावर स्वामित्वहक्काची सूचना छापायची राहून गेल्यामुळे तो पहिल्यापासूनच सर्वांच्या मालकीचा झाला आहे. कुठेही फुकट मिळतो. काळ्यापांढऱ्यात आहे, दीड तासाचा आहे. मुले निजल्यावर लावावा.